निळ्या रंगाला ऊब कुठून येते

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे स्पष्ट राहील. कला महाविद्यालयात शिकत असतानाच तुम्ही दोन मुलींच्या प्रेमाची चित्रकादंबरी रेखाटायला घेतली आहे. फ्रेंच चित्रकथाकार ज्यूल मारो यांचे, अशाच प्रेमाची चित्रकथा असलेले आणि 'निळा हा उबदार रंग आहे' अशा अर्थाचे फ्रेंच शीर्षक असलेले पुस्तक तुम्ही इंग्रजी भाषांतरातून वाचले, त्यावरचा चित्रपटही पाहिला, आणि त्यानंतर तुमचे काम तीन ठिकाणी अडले. करड्या पानांवर एकच रंग ठेवण्याची मारो यांची रीत आपण घ्यावी का, दोघींच्या शारीरिक जवळिकीची दृश्ये काढावीत का आणि काढलीच तर किती उघडपणे, आणि अशा गोष्टीचा शेवट मृत्यूने व्हावा का, असे तुम्ही विचारता. मी वीसहून अधिक वर्षे चित्रकथा रेखाटते आणि शिकवते, आणि हे पुस्तक वर्गात अनेकदा पान न् पान उलगडून दाखवले आहे. माझ्या मते तुमचे तिन्ही प्रश्न एकाच प्रश्नाच्या पोटात आहेत, आणि तो प्रश्न असा की प्रत्येक चौकटीतून कोण पाहते आहे. तेवढे ठरले की रंग, देह आणि शेवट या तिन्हींची उत्तरे त्यातून निघतात, म्हणून मी पुस्तकाच्या घडणीपासूनच सुरुवात करते.

मारो यांचा जन्म १९८५ साली उत्तर फ्रान्समधल्या लाँस या कोळसा खाणींच्या गावी झाला. ब्रुसेल्समध्ये सँ-ल्यूक संस्थेत त्यांनी चित्रकथेचे शिक्षण घेतले, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हे पुस्तक सुरू केले आणि पुरे व्हायला पाच वर्षे लागली. २०१० मध्ये ते ग्लेना या प्रकाशनसंस्थेने काढले, आणि २०११ मध्ये आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात वाचकांच्या पसंतीचा पुरस्कार त्याला मिळाला. त्या काळी ते ज्यूली मारो या नावाने प्रसिद्ध झाले होते. मारो यांनी पुढे आपण स्त्री-पुरुष या विभागणीत बसत नसल्याचे जाहीर केले, आणि आता ज्यूल हेच नाव रूढ आहे. मराठीतल्या आदरार्थी अनेकवचनाचा अशा वेळी मोठा आधार होतो, हे भाषांतर करू पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे: 'मारो यांनी लिहिले' असे म्हटले की कोणाचाही मान दुखावत नाही आणि वाक्यही सरळ राहते. एकोणीस ते चोवीस हे वय मुद्दाम सांगितले, कारण तुम्ही स्वतःच्या वयाबद्दल पत्रात संकोच व्यक्त केला आहे. त्या पुस्तकाची रेषा अनेक ठिकाणी कच्ची आहे, हातांची प्रमाणे चुकतात, चेहरे मधूनमधून एकमेकांसारखे दिसतात. तरीही ते पुस्तक उभे राहते, कारण पाहणारी व्यक्ती पहिल्या पानापासून पक्की आहे.

कथा थोडक्यात अशी आहे. एमा नावाची स्त्री आपल्या गेलेल्या जोडीदारिणीच्या, क्लेमांतीनच्या, आईवडिलांच्या घरी येते. क्लेमांतीनने मरण्यापूर्वी आपल्या डायऱ्या एमाला द्यायला सांगितले आहे. वडील एमाशी धड बोलायला तयार नाहीत, आई मात्र तिला आत घेते, आणि क्लेमांतीनच्याच खोलीत बसून एमा त्या डायऱ्या वाचू लागते. डायरी १९९४ मध्ये सुरू होते. तेव्हा क्लेमांतीन पंधरा वर्षांची आहे, लिल शहरात शाळेत जाते, तोमा नावाच्या मुलाशी तिची ओळख वाढते आहे, आणि त्याला भेटायला निघालेली असतानाच रस्त्यावर निळ्या केसांची एक मुलगी दुसऱ्या स्त्रीच्या खांद्यावर हात टाकून जाताना तिला दिसते. नजर क्षणभर मिळते. पुढे तोमाशी असलेले नाते तिला नेता येत नाही. व्हालांतँ हा मित्र स्वतः समलिंगी असल्यामुळे तिची घालमेल ओळखतो आणि तिला लिलच्या त्या बारमध्ये नेतो, जिथे तिला एमा पुन्हा भेटते. एमा वयाने मोठी आहे, चित्रकला शिकते आहे, आणि साबीन नावाच्या जोडीदारिणीबरोबर राहते आहे. एवढ्या साध्या कथेतून मारो यांनी दीडशे पानांचे पुस्तक कसे भरले, याचे उत्तर क्लेमांतीनच्या भीतीत आहे, कारण खरा वेळ या पुस्तकाने तिच्या भीतीला दिला आहे.

ती भीती कशाची होती, हे तुमच्यासारख्या इथे बसून रेखाटणाऱ्या मुलीने नीट समजून घ्यावे. १९९४ च्या फ्रान्समध्ये दोन स्त्रियांचे प्रेम गुन्हा नव्हते. समलिंगी संबंधांसाठी संमतिवयाची वेगळी अट घालणारे १९४२ पासूनचे कलम १९८२ मध्ये रद्द झाले होते. जोडप्याला कायद्याची पहिली मान्यता मात्र १९९९ च्या नागरी करारामुळे मिळाली आणि विवाहाचा हक्क मे २०१३ मध्ये. म्हणजे क्लेमांतीनला पोलिसांचे भय नाही. तिला भय आहे शाळेच्या आवारातल्या कुजबुजीचे, एमाबरोबर दिसल्यावर तोंड फिरवणाऱ्या मैत्रिणींचे, जेवणाच्या टेबलाचे, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचे. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग गेला, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क नाकारला गेला, आणि या दोन तारखांच्या मध्ये वाढलेल्या मुली मी वर्गात पाहिल्या आहेत. कायद्याने उघडलेले दार घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतात, हे त्यांना मी शिकवण्याची गरज नव्हती. तुमच्या कथेतल्या मुलीचे भय नेमके कोणत्या खोलीत राहते, ते आधी ठरवा. ते 'समाजात' आहे असे म्हणून चालणार नाही, कारण समाजाचे चित्र काढता येत नाही. स्वयंपाकघराच्या दारात थांबलेल्या आईचे काढता येते.

आता रंगाकडे वळते. डायरीचा बराचसा भाग मारो यांनी करड्या, किंचित मातकट वॉशमध्ये, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थरात, ठेवला आहे आणि त्यात निळा तेवढा शिल्लक ठेवला आहे, प्रामुख्याने एमाच्या केसांसाठी. एमा डायरी वाचते तो वर्तमानकाळ मात्र अनेक रंगांत आहे, मंद पण पुऱ्या रंगांत. बहुतेक विद्यार्थी या योजनेकडे आठवणींचा रंग फिका असतो अशा सोप्या अर्थाने पाहतात आणि तेवढ्यावर थांबतात. पण नीट विचार करा: डायरी क्लेमांतीनची आहे, आणि पंधराव्या वर्षी तिच्या डोळ्यांना भोवतालचे सगळे करडेच दिसत होते. निळा रंग एमाच्या केसांवर असला तरी तो दिसतो क्लेमांतीनला, म्हणून त्याचा धागा तिच्या नजरेशी बांधलेला आहे. पुढे एमा केस रंगवणे सोडते, तेव्हा तो निळा पानांवरून ओसरतो, आणि वाचकाला कोणी काही न सांगता कळते की सहवास जुना झाला आहे, सवयीचा झाला आहे. हे काम शब्दांनी करायचे तर दोन पाने खर्ची पडली असती.

शीर्षकातही हीच गोष्ट आहे. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आपण सगळे शिकतो की लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण रंग आणि निळा, हिरवट निळा, जांभळट निळा हे शीत रंग. फ्रेंच शीर्षक या पाठाला शांतपणे नाकारते: निळा हा एक उबदार रंग आहे, इतकेच ते म्हणते. क्लेमांतीनच्या अखेरच्या पत्रात आपली सारी किशोरावस्था निळ्याच्या निरनिराळ्या छटांनी डागाळलेली आहे अशा अर्थाचा मजकूर येतो, आणि शीर्षक तिथून उमलते. इंग्रजी शीर्षकाने त्याला 'सर्वांत उबदार' केले आणि मला ते बरे वाटले नाही. मूळ वाक्यात एका मुलीने आपल्या अनुभवाने दुरुस्त केलेला रंगचक्राचा नियम आहे, तर इंग्रजीत ती घोषणा झाली. मराठीत कधी हे पुस्तक आले तर शीर्षक साधेच राहावे.

करड्यावर निळा इतका का पेटतो, याचे कारण मात्र निव्वळ भावनेत नाही आणि ते तुम्हाला कामाला येईल. तपकिरी म्हणजे काळवंडलेला नारिंगी, आणि नारिंगी हा निळ्याचा पूरक, म्हणजे रंगचक्रात त्याच्या समोर येणारा रंग. म्हणून मातकट करड्याच्या शेजारी ठेवलेला निळा डोळ्याला असतो त्याहून तेजस्वी दिसतो. हाच निळा तुम्ही निळसर करड्यावर, म्हणजे काळी शाई पाण्यात पातळ केल्यावर अनेकदा जो थंड करडा येतो त्यावर, ठेवलात तर तो बुडून जाईल. तुमच्या पाठवलेल्या पानांत हेच झाले आहे. तुम्ही निळ्याची मात्रा वाढवत गेलात, आणि पान जड झाले. निळा आहे तेवढाच ठेवा. काळ्या वॉशमध्ये सेपियाचा किंवा जळक्या तपकिरीचा एखादा थेंब घाला आणि पान वाळू द्या. फरक लगेच दिसेल.

पण मुळात हा निळा तुम्ही घ्यावा का? माझे उत्तर नाही असे आहे. मारो यांचा निळा क्लेमांतीनच्या नजरेला चिकटलेला आहे, तुमच्या नायिकेच्या नजरेला काय चिकटले आहे ते तुम्हालाच शोधावे लागेल, आणि तो रंगच असेल असेही नाही. एखादीला दुसरीच्या चपलांचा जिन्यावरचा आवाज आधी लक्षात राहतो, एखादीला ओल्या केसांचा वास. आवाज आणि वास चित्रात आणण्यासाठी चित्रकथेकडे स्वतःची साधने आहेत: चौकटीची कड मोडणे, दोन चौकटींमधली मोकळी जागा रुंदावणे, एका ओळीत अचानक संवादाचा फुगाच न ठेवणे. तुमच्या सातव्या पानावर दोघी एसटीच्या थांब्यावर उभ्या आहेत आणि पहिली मुलगी दुसरीच्या हातातल्या स्टीलच्या डब्याकडे पाहते आहे. त्या डब्यावर तिचे धूसर प्रतिबिंब तुम्ही काढले आहे. ही नजर तुमची स्वतःची आहे. ती पुढच्या वीस पानांत हरवली, कारण तिथे तुम्ही उसना निळा आणलात.

डायरीच्या योजनेबद्दलही थोडे सांगायला हवे. एमा वाचते आणि क्लेमांतीन बोलते, त्यामुळे पुस्तकात दोन नजरा एकावर एक ठेवल्या गेल्या आहेत: घडत असताना पाहणारी किशोरवयीन मुलगी, आणि सगळे घडून गेल्यावर, तिच्याच पलंगावर बसून, ते वाचणारी स्त्री. क्लेमांतीनला आपण पहिल्यांदा कशा दिसलो हे एमाला त्या डायरीतूनच कळते. प्रेमकथेत ही फार मोठी देणगी आहे, आणि ती मृत्यूनंतर मिळते, म्हणून इतकी जड वाटते. मराठीत स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम हा विषय रंगभूमीवर आणणारे विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये आले. त्या काळात ते लिहिणे हे धैर्य होते, यात शंका नाही. पण तिथे मित्रा हिची गोष्ट बापू हा तिचा मित्र सांगतो. ती त्याला जशी दिसली, जितकी कळली, तितकीच आपल्याला मिळते, आणि तिच्या एकटेपणाला त्याच्या न कळण्याचा एक पडदा राहतो. नाटकाची ती रचना विचारपूर्वक केलेली आहे. मी फक्त एवढेच दाखवू पाहते की निवेदक बदलला की त्याच दुःखाचा आकार बदलतो. मुलीच्या हातात डायरी दिली की कोणीतरी तिच्याबद्दल सांगण्याची गरज उरत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो तुम्ही सर्वांत संकोचाने विचारला आहे आणि ज्याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे. मारो यांच्या पुस्तकात जवळिकीची पाने आहेत, उघडी आहेत, आणि त्यांतले काहीही झाकलेले नाही. तरीही ती वाचताना आपण कोणाच्या खोलीत चोरून डोकावतो आहोत असे मला एकदाही वाटले नाही. याचे कारण तीन गोष्टींत आहे. एक, ती पाने फार उशिरा येतात. त्याआधी वाचकाने क्लेमांतीनबरोबर स्वतःला नाकारण्याचे महिने काढलेले असतात, त्यामुळे पहिला स्पर्श येतो तेव्हा आपणही थकून, सुटून, हलके झालेले असतो. दुसरे म्हणजे चौकटी चेहऱ्यांकडे आणि हातांकडे परत परत येतात, आणि त्या चेहऱ्यांवर सुखाइतकेच आश्चर्य आणि भीती आहे. तिसरे सर्वांत महत्त्वाचे आहे. वाचकाची नजर खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली नाही, ती दोघींच्या मधोमध, एकीच्या डोळ्यांपासून दुसरीपर्यंतच्या अंतरावर ठेवलेली आहे. कॅमेरा जिथे ठेवता आला असता तिथून चित्र काढलेले नाही.

चित्रपटाशी तुलना इथे उपयोगी पडते. अब्देललतीफ केशिश यांनी दिग्दर्शित केलेला, सुमारे तीन तासांचा हा चित्रपट मे २०१३ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षक मंडळाने सुवर्ण पाम हा महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार दिग्दर्शकाबरोबर आदेल एक्झार्कोपूलोस आणि लेआ सेदू या दोन अभिनेत्रींनाही दिला. तो दिवस २६ मे होता. समलिंगी विवाहाचा कायदा अमलात येऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि त्याच दिवशी पॅरिसच्या रस्त्यांवर त्या कायद्याच्या विरोधात प्रचंड मोर्चा निघाला होता. त्यामुळे चित्रपटाचा गौरव हा अनेकांना एका बाजूचा विजय वाटला. मारो यांनी मात्र त्या आनंदात आपला आक्षेप लपवला नाही. दिग्दर्शकाने स्वतःच्या दृष्टीने स्वतंत्र कलाकृती केली आहे हे मान्य करून त्यांनी सांगितले की चित्रीकरणाच्या ठिकाणी जे नव्हते ते म्हणजे स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया, आणि शय्यादृश्ये त्यांना अश्लीलपटासारखी, थंड आणि शस्त्रक्रियेसारखी वाटली. चित्रपटात क्लेमांतीनची आदेल झाली, डायरी गेली, मृत्यूही गेला. डायरी गेल्यामुळे पाहणाऱ्या मुलीची नजर गेली आणि मुलीला पाहणारा उरला, असे माझे वाचन आहे. चित्रपटात दोघींच्या सामाजिक वर्गांतले अंतर, जेवणाच्या टेबलांवरचा फरक, आदेलचे शाळेत शिकवणे हे सगळे मनापासून आणि बारकाईने आले आहे, तो चित्रपट मला आवडतो. पण त्या लांब शय्यादृश्याच्या वेळी खोलीत तिसरे कोणी तरी आहे, आणि ते तिसरे कोण हे प्रेक्षकाला सतत जाणवत राहते.

म्हणून किती उघडे काढावे या प्रश्नाला मोजमापाचे उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या तेविसाव्या पानावरचे दृश्य छताच्या उंचीवरून काढले आहे. त्या खोलीत छतावर कोणी नाही. चौकट खाली आणा, इतकी खाली की एकीचा खांदा चित्राच्या बाहेर जाईल, आणि मग पाहा की तुम्हाला कपडे काढलेले दाखवायची गरज वाटते की नाही. वाटली तर दाखवा, मी तुम्हाला अडवणार नाही. नाही वाटली तर समजा की आधीची नग्नता तुमच्या नायिकेची नव्हती, पाहिलेल्या चित्रपटांची होती. एक गोष्ट मात्र वडीलकीच्या नात्याने सांगते: दोघी सज्ञान आहेत हे कथेत निःसंदिग्ध असू द्या, आणि वय ओझरते न ठेवता एखाद्या ठोस तपशिलाने सांगा. तुमच्या दोघी महाविद्यालयात आहेत, तेव्हा हे सहज जमेल, आणि पुस्तक छापायची वेळ आली की प्रकाशक सर्वांत आधी हेच विचारेल.

याच संदर्भात 'मैत्रीण' या शब्दाकडे लक्ष द्या, कारण तो मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती आलेला अमोल शब्द आहे. मुलाला घरी आणता येत नाही, मैत्रिणीला आणता येते. ती मुक्कामाला राहिली तर आई तिच्यासाठी जास्तीची गादी घालते, सकाळी दोघींना एकाच ताटलीत पोहे देते. क्लेमांतीनच्या घरीही एमा अशीच मैत्रीण म्हणून येते, राहते, आणि एका रात्री सत्य उघडे पडल्यावर ज्या दाराने तिला इतक्या सहज आत घेतले होते त्याच दाराने दोघींना बाहेर काढले जाते. वर्गात मला नेहमी असे दिसले आहे की मराठी घरात वाढलेल्या विद्यार्थिनी या पानांपाशी गप्प होतात. तुमच्या कथेत आई दोघींना लाडाने एकत्र बसवते तो प्रसंग तुम्ही हलकाफुलका ठेवला आहे. तो तसाच ठेवा, फक्त त्या प्रसंगात नायिकेच्या हातांचे एक चित्र वाढवा. लाड स्वीकारताना तिचे हात काय करत असतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटाबद्दल माझे मत स्पष्ट आहे, आणि ते मारो यांच्या पुस्तकाच्या काहीसे विरोधात जाते. स्त्रियांच्या प्रेमकथेतला मृत्यू हा फार जुना कर आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत स्वस्त कागदी बांधणीच्या अशा कादंबऱ्या लाखांनी खपत, पण टपाल खात्याने त्या अश्लील ठरवून अडवू नयेत म्हणून प्रकाशक लेखिकांना सांगत की नायिकेला सुख मिळता कामा नये. १९५२ मध्ये पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी टोपणनावाने लिहिलेल्या कादंबरीत दोघींना एकत्र येण्याची आशा ठेवली, तर ती अपवाद ठरली. त्या काळचे बंधन गेले, सवय मात्र राहिली. मारो यांचा बचाव एका बाबतीत करता येतो: मृत्यू पहिल्याच पानावर सांगितलेला आहे, त्यामुळे तो शिक्षा म्हणून शेवटी कोसळत नाही, आणि वाचक काय गमावले गेले हे पाहत पुढे जातो. तरीही पुस्तकाचा शेवटचा तिसरा हिस्सा मला कमकुवत वाटतो. तारुण्यातून कथा एकदम तिशीत उडी घेते. क्लेमांतीनचे शिक्षिका होणे, एका पुरुष सहकाऱ्याशी जुळलेला संबंध, एमाशी झालेली ताटातूट, गोळ्यांच्या आहारी जाणे आणि रुग्णालय, हे सगळे इतक्या घाईने येते की ज्या मुलीच्या एका नजरेला आधी पाने दिली तिच्या आयुष्यातल्या दहा-बारा वर्षांना पुरेशी जागा उरत नाही. पंधराव्या वर्षाची भीती मारो यांना आतून माहीत होती. तिशीतला थकवा त्यांनी चोविसाव्या वर्षी कल्पनेने काढला, आणि तो फरक रेषेत दिसतो. तुम्हीही वीस-एकवीस वर्षांच्या आहात. तुम्हाला ज्या वयापर्यंतचे माहीत आहे तिथे कथा थांबवली तर ती अपुरी ठरणार नाही.

मुळात तुम्ही मृत्यू का आणलात, असे मी तुम्हाला विचारते. पत्रात तुम्ही लिहिले आहे की 'त्याशिवाय वाचक गांभीर्याने घेणार नाहीत.' हे वाक्य वाचून मला वाईट वाटले. दोन मुली एका भाड्याच्या खोलीत दूध उतू जाऊ नये म्हणून धावतात, घरमालकिणीला बहिणी असल्याचे सांगतात, आणि रात्री त्या खोट्यावरून भांडतात, हे पुरेसे गंभीर आहे. आपल्याकडेही अशा गोष्टीची वाट आधी कोणी चाललेले आहे, हे माहीत असू द्या. गोव्याच्या कला महाविद्यालयात शिकलेल्या अमृता पाटील यांची 'कारी' ही चित्रकादंबरी २००८ मध्ये, म्हणजे मारो यांच्या पुस्तकाच्याही दोन वर्षे आधी, हार्परकॉलिन्सने भारतात प्रसिद्ध केली. ती इंग्रजीत आहे. तिच्या सुरुवातीलाच दोन प्रेयसी मरायला निघतात, पण कारी मरत नाही, आणि पुस्तक मग तिच्या जगत राहण्याचे होते: धुराने कोंदलेले शहर, मैत्रिणींनी भरलेली खोली, जाहिरातींची नोकरी. तिथेही बरीचशी पाने काळ्या-करड्यात आहेत आणि रंग मधूनच उसळतो, पण तो उसळतो कारीच्या मनाच्या तालावर, मारो यांच्या हिशेबाने नव्हे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून एका बैठकीत वाचा. एकच साधन दोन नजरांत किती वेगळे होते हे माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगले कळेल.

अक्षरांबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण तुमच्या पानांत मला सर्वांत जास्त खटकले ते हेच, म्हणून सांगते. तुम्ही डायरीचा मजकूर आणि संवाद दोन्ही एकाच संगणकीय टंकात टाकले आहेत, आणि त्यामुळे मुलगी मनात बोलते की मोठ्याने, हे वाचकाला फुग्याच्या आकारावरून ओळखावे लागते. मराठी लिपीने तुम्हाला याहून सुंदर सोय दिली आहे. हाताने भरभर लिहिताना आपल्यातले बहुतेक जण शिरोरेषा देत नाहीत. मग डायरी शिरोरेषेवाचून, घाईच्या हस्ताक्षरात लिहा, आणि लोकांसमोरचे संवाद नीट शिरोरेषा ओढून. मुलगी जिथे पहिल्यांदा मनातले तोंडाने बोलते, त्या एका फुग्यात शिरोरेषा सोडून द्या. कोणी स्पष्टीकरण न देताही ते पोहोचेल. आणि लक्षात ठेवा की देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमधले अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त लागते. परदेशी पुस्तकांतल्या फुग्यांची मापे उचलली की अक्षरे एकमेकांवर चढतात, जसे तुमच्या अकराव्या पानावर झाले आहे.

छपाईच्या बाजूने पाहता काळा आणि एक जादा रंग ही योजना तुमच्या खिशालाही परवडेल. ऑफसेट छपाईत प्रत्येक शाईला वेगळी प्लेट लागते, तेव्हा चार रंगांऐवजी दोनच शाया असल्या तर खर्च उतरतो आणि प्लेटी जुळवण्याचे कामही सोपे होते. फक्त तो दुसरा रंग आधी तयार केलेली एकच शाई असू द्या. सायन आणि मॅजेंटा या छपाईच्या हिरवट निळ्या आणि गडद गुलाबी शाया मिसळून केलेला निळा किंवा जांभळा एका फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात, लालसर आणि दुसऱ्यात हिरवट निघू शकतो, आणि तुमची सारी गोष्ट ज्या रंगाच्या भरवशावर आहे तोच पानागणिक बदलला तर वाचक गोंधळेल. कागद न चकाकणारा घेणार असाल तर तो शाई पितो आणि रंग दबतो, म्हणून छापखान्यात त्याच कागदावर नमुना काढून घ्या. तो दिव्याखाली न पाहता दुपारच्या उजेडात, खिडकीशी धरून पाहा.

आता काम असे करा. दोघी पहिल्यांदा भेटतात ते सातवे पान पुन्हा दोनदा काढा, एकदा पहिलीच्या डोळ्यांनी आणि एकदा दुसरीच्या, तेच संवाद आणि तेवढ्याच चौकटी ठेवून. दुसरीला काय दिसले हे तुम्ही अजून एकाही पानावर विचारलेले नाही. स्टीलचा डबा तिच्याच हातात आहे, आणि थांब्यावरची ती मुलगी आपल्याकडे पाहते आहे हे तिला त्या डब्यावर दिसत असणार.